बॅटरीवरचा नारळ

आमच्या मिठबावचे बाबल मेस्त्री साठी ओलांडलेले. गुडघे गेलेत, तरी कोणाची गाडी अडली की येतात.

मंगळवारी ह्यांना डायलिसिसला न्यायचे होते आणि आमची गाडी नुसती टक् टक् करत होती. हे मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेले. एक वार चुकला तरी ह्यांना धाप लागते.

बाबलनी हत्याराला हात लावला नाही. “वयनी, चावी फिरवा. माका आधी आयकांदेत.”

ऐकून त्यांनी बॉनेट उघडले. बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर चढला होता.

“हेच्यावर काय ओततास?”

“दर अवसेक नारळ फोडून पाणी शिंपडतंय,” मी म्हटले.

“देव चाकाकडे फोडलेल्या नारळाकय पावता. बॅटरीक कित्याक न्हाणयतास?”

मागून हे हसले. किती दिवसांनी!

कढत पाण्याने थर धुऊन, तारा आवळून बाबल दमून जमिनीवरच टेकले. “आता फिरवा.”

गाडी सुरू झाली. मी आधी बाबलना हात देऊन उठवले, मग गजबादेवीला हात जोडले आणि निघाले.