मारुतीच्या पाराशेजारचं घर

"सांगा ना, आपलं घर मारुतीच्या पाराशेजारी कधी आलं? कुणी उचलून आणून ठेवलं का?"

बायको ओरडत होती. लातुरात, परक्याच्या अंगणात, भर उन्हात, हातात चहाचा काठोकाठ भरलेला कप धरून. माझी बायको ओरडली की तीन गल्ल्यांतली कुत्री उठून जागा बदलतात. पण कपातला चहा एक थेंब सांडला नाही. ओसरीवर मी आणि घरमालक समोरासमोर बसलो होतो. मालकाची बशी ओठापाशी थांबलेली. माझी तर सगळी पिऊन झाली होती, तरी मी ती तोंडाला लावून बसलो, कारण तोंड झाकायला दुसरं काही नव्हतं.

हे असं का झालं ते सांगतो. एरवी मी कुठलीही गोष्ट चार पदर लावून सांगतो. आज दोनच लावतो.

मुंबईत आम्ही अकरा महिन्यांची माणसं होतो. नोकरी सरकारी, कायम. खोली मात्र अकरा महिन्यांच्या कराराची. करार संपला की मालक भाडं वाढवी, आणि आम्ही पोरं, स्टोव्ह, कपाट उचलून पुढच्या स्टेशनाला जात असू. सात वर्षांत आठ खोल्या. दर खेपेला मुंबईपासून आम्ही इतके लांब सरकत होतो, की आणखी पाच वर्षांत बदली न घेता आपसूक लातूरला पोचलो असतो. कपाटाचे पाय ओढून ओढून एवढे झिजले होते, की शेवटच्या खोलीत ते मांडी घालून बसल्यासारखं दिसे. आणि एवढं करून खोली केवढी, तर रात्री कूस बदलायची तर चौघांनी एकदम बदलायची.

तेवढ्यात लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नव्या कचेरीला माणसं हवीत. आमच्या हापिसात कागद फिरला: ज्यांना स्वखुशीनं तिकडं जायचं असेल त्यांनी सोमवारपर्यंत लिहून द्यावं. एकदा लिहून दिलं की परत मुंबई नाही. गावाकडून येणारा जो तो सांगे, तिकडं चार खोल्यांचं घर इथल्या अर्ध्या खोलीच्या भाड्यात मिळतं, वर अंगण फुकट. दुष्काळ होता. दोन सालं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. पण दुष्काळाला आम्ही काय नवे होतो? बायकोनं एकच अट घातली. आधी घर बघायचं, मग कागदावर सही. म्हणून पोरं शेजारणीकडं ठेवून, रजा टाकून, आम्ही एसटीनं हाडं मोडून घेत लातूरला आलो.

घर खरंच झकास होतं. चार खोल्या, शहाबादी फरशी, न्हाणी वेगळी. मालकाची मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडत होती आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या पोळीला तूप लागावं. मला पाच मिनिटांत सतरा वेळा साहेब म्हणाला. बायकोला त्याच्या मालकिणीनं स्वयंपाकघर दाखवायला आत नेलं, आणि हा मला अंगणातली विहीर दाखवत राहिला.

"साहेब, सगळ्या गल्लीच्या विहिरी कोरड्या ठाक पडल्यात. आपल्या विहिरीत आजबी तीन परस पाणी हाय. तीन माणसं एकावर एक उभी केली तरी वरच्याची टोपी भिजंल. भाडेकरूला न्हाई म्हनायचं न्हाई, कितीबी शेंदा."

मग चहा आला, आणि चहाबरोबर तो प्रश्न आला.

आमच्या मुलखात माणसाला जात विचारत नाहीत. फार सभ्य मुलूख. गाव विचारतात. गाव सांगितलं की विचारतात, गावात घर कोणत्या अंगाला? ओढ्याच्या अलीकडं का पलीकडं? आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं, उगवतीला. छप्पन सालापासून आम्ही बौद्ध. देव सोडले, गावकीची कामं सोडली, माझ्या बापानं स्वतःच्या पायात चप्पल नसताना मला शाळेत बूट घालून धाडलं. पण गाव एका प्रश्नात तुम्हाला धरून ओढ्यापलीकडं नेऊन सोडतं.

मी जन्माचा थापाड्या. मी हापिसात सांगितलंय की आमच्या गावच्या वांग्याला शिडी लावावी लागते, आणि तिथले दोन मुंबईकर ती शिडी बघायला यायला तयार होते. खोटं बोलताना माझी जीभ कधी अडखळली नाही. त्या दिवशीही अडखळली नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा मी भिऊन खोटं बोललो. म्हणालो, "घर ना? मारुतीच्या पाराला लागून."

एवढ्यावर थांबायचं. पण थांबला तर तो मी कसला? म्हटलं, दार पारावरच उघडतं. म्हटलं, पाराच्या लिंबाची फांदी आमच्या माळवदावर येते, निंबोळ्या वेचायला आम्हाला खाली उतरावं लागत नाही. म्हटलं, पंचायत बसली की सगळ्यांना चहा आमच्या घरातून जातो. मालक मान डोलवत होता. मला वाटलं, रंगलाय. तो रंगला नव्हता, तो मोजत होता. त्याची सख्खी बहीण त्याच गावात दिलेली होती आणि तिचं घर पाराला लागून होतं.

हे मला ठाऊक नव्हतं, आणि आत मालकिणीला ओसरीवरचा शब्दन् शब्द ऐकू जात होता. तिनं गोडीनं माझ्या बायकोला विचारलं, बाई, पाराजवळ तर आमच्या नणंदेचं घर हाय, तुमचं मग कोणच्या अंगाला? बायको जशी होती तशी, चहाचा कप घेऊन, बाहेर आली. पुढचं वर लिहिलंच आहे.

तिचं ओरडून झाल्यावर मालकाकडं वळून तिनं सांगितलं. आता आवाज साधा होता. आमचं घर ओढ्याच्या पलीकडं आहे, आम्ही बौद्ध आहोत, हे सरकारी कचेरीत आहेत, आणि घर आम्हाला पसंत आहे. मग चहा पिऊन टाकला आणि कप ओसरीच्या कडेला ठेवला.

मालक शिवी देईल, असं वाटलं होतं. शिवी दिली असती तर मी चार पिढ्यांची परत केली असती, तयारी होती. पण तो अडतवाला होता. उठला, विहिरीपाशी गेला, आत डोकावला, आणि तोंड वाईट करून परत आला.

"पान्याचं लई अवघड होऊन राहिलंय बघा. आमचंच भागंना. तुम्हाला दिलं आन् पानी न्हाई दिलं, तर ते बरं दिसायचं न्हाई."

मराठवाड्यात मी दुष्काळ पाहिलेत. पाखरं उडता उडता वाळून खाली पडलेली पाहिलीत. पण चहाची एक बशी संपायच्या आत तीन परस पाणी आटलेली विहीर मी तेवढी एकच पाहिली. साहेब हा शब्दही तिच्याबरोबरच आटला.

माझं टाळकं सरकलं. अंगणात न्हाणीच्या पायरीला एक धोंडा होता. तो मी दोन्ही हातांनी उचलला आणि विहिरीत टाकला. आवाज असा आला, की आतून बाहेर आलेल्या मालकिणीनं पदर सावरला. धबाक्कन. भरल्या, थंड, खोल पाण्याचा आवाज. चौघांनी ऐकला. मी मालकाकडं बघत राहिलो. तो इकडंतिकडं बघून म्हणाला, "ते गाळाचं हाय." मग पायरी बुडवल्याबद्दल मात्र खरोखर ओरडला. आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो तरी पायरीचं ऐकू येत होतं.

संध्याकाळच्या आत आम्ही नांदेडला, तिथून मुदखेडला गेलो. बायकोचा थोरला भाऊ तिथं रेल्वेत होता, जंक्शनाला लागून क्वार्टर. दुष्काळात त्या ओळीतल्या बायका इंजिनातून सोडलेलं गरम पाणी बादल्यांनी आणत. मेव्हणा म्हणे की त्यात तूर टाकली तर घरी येईस्तोवर वरण होतं. म्हणजे थापांत तो माझ्याच तालमीतला.

सकाळी त्याला मी लातूरची हकीकत सांगितली, आणि माझ्याच्यानं राहवेना. धोंड्याचं जातं झालं. पाणी कठड्यावरून उडालं, मालकाच्या धोतराचा सोगा भिजला, सारी गल्ली गोळा झाली आणि मी विहिरीच्या काठावर उभा राहून भाषण ठोकलं. मेव्हणा मांडीवर थापा मारून हसत होता. "दाजी, जातं टाकलंत? मग पीठ पडलं का न्हाई?" मीही हसलो. बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात मध्येच थांबले, आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. मालकाकडं काल तिनं असं पाहिलं नव्हतं.

मी हसणं थांबवलं. खिशातून तो कागद काढला, ट्रंकेवर पसरला आणि माझाच राग मला चढला. म्हणालो, फाडून टाकतो हा. झक मारते ती स्वस्ताई. मुंबईचा मालक पिळतो, पण आधी पगार विचारतो, ओढा विचारत नाही. मेव्हणा म्हणाला, विचारतात दाजी, तिथं आडनावावरून विचारतात, तुम्हाला कशानं आठ खोल्या बदलाव्या लागल्या? यावर मी आणखी ओरडलो. लातूर असं, लातूर तसं, या जिल्ह्याला जिल्हा कुणी केला, इथं माझी पोरं पाराशेजारचं खोटं घर पाठ करून शाळेत जाणार का? दम लागेपर्यंत बोललो. मग पेन उघडलं आणि बायकोला विचारलं, बोल, काय लिहू?

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"लातूर लिहा. घर मी बघते. तुम्ही सोबत येऊ नका."