जिभेवरची वाळू

आमच्या घरात आई अप्पांना 'मामा' म्हणायची. म्हणजे ते तिचे सख्खे मामाच होते. बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या शिंपी घरांत मामानं भाचीशी लग्न करण्याचं कुणाला नवल नव्हतं. पुण्याकडचे पाहुणे ऐकून एकमेकांकडे बघायचे, तेवढंच. नवरा झाला म्हणून हाक कशाला बदलायची? धाकही बदलला नाही. मामांपुढे तोंड उघडायचं नाही, हे आई परकर नेसायच्या वयात शिकली होती आणि लेक लग्नाला आली तरी विसरली नव्हती.

अप्पांचं यशवंतपूरला शिवणकामाचं दुकान होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना साखर निघाली. आज्जीला, म्हणजे त्यांच्या बहिणीला, होतीच. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, भात कमी करा म्हणाल्या. आईनं दुसऱ्याच दिवशी भाताचं पातेलं लहान केलं आणि नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, वळायला लागली. नातेवाइकांना तर ऊत आला. जो येईल त्याच्याकडे औषध. कुणी कारल्याचा रस, कुणी भिजवलेली मेथी, कुणी जांभळाच्या बियांची पूड. अप्पा सगळं निमूट घ्यायचे आणि कुणाच्या लग्नाला गेले की वरून साखर पेरलेली चिरोटी खाऊन यायचे.

मग शेजारच्या अण्णांनी मधुनाशिनीचा वेल आणून दिला. अप्पांनी तो मागच्या भिंतीवर चढवला. त्याचं पान चावलं की थोडा वेळ जिभेला गोड कळतच नाही. पहिल्या दिवशी पान चावून अप्पांनी चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि लहान मुलासारखे खूश झाले. वाळू लागते म्हणाले, नुसती वाळू. मलाही चावायला लावलं. खरंच वाळू.

पुढच्या तपासणीत साखर उतरली. गोळ्या चालू होत्या, भात सुटला होता, दुकानात पायी जात होते. पण मान सगळा पानाला मिळाला. जिभेवर जी मरते ती रक्तात का मरणार नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि गोळ्या बंद केल्या. चोरून नाही हं, छातीठोकपणे, सगळ्या गल्लीला सांगून.

मी तेव्हा कॉलेजात होते. किती डोकं आपटलं मी! पान खा, नको कोण म्हणतंय, पण गोळी सोडू नका, असं हात जोडून सांगितलं. शिकलीस म्हणून फार बोलू नको, स्वल्प गप्प बस, एवढंच उत्तर. आईला म्हटलं, तू तरी सांग. ती रोज गोळी पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवायची आणि जेवणं झाली की तशीच उचलून डबीत टाकायची.

"मामांना मी काय सांगू गं?" ती म्हणायची.

मला तिचा संताप यायचा, आणि लगेच तिची कीवही यायची.

आधी अप्पा सुईत दोरा ओवायला मला हाक मारायला लागले. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणाले. मग काळं कापड घेणं बंद केलं. एकदा एका नवरदेवाच्या कोटाची बाही उलटी लावली. गिऱ्हाईक चांगलं होतं, भांडलं नाही, कोट उचलून दुसरीकडे गेलं. मी डबा घेऊन गेले तर अप्पा रिकाम्या टेबलावर खडूनं रेघा ओढत बसले होते.

डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. लेझर केलं, पण उशीर झाला होता. उजेड-अंधार कळायचा, बाकी काही नाही. डॉक्टरीणबाईंनी घरात आणखी कुणाला साखर आहे ते विचारलं, तेव्हा आई-अप्पांचं नातं निघालं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. कन्नडात म्हणाल्या, हिला दोन्हीकडून येऊ शकते, हिची तपासणी करत राहा. आई माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू तिनंच मला काही चारलं होतं.

दशक सरता सरता मला साखर निघाली. अंगानं मी काटकी, गोड कधीच सोडलेलं, भात नावाला. तरी निघाली. राग काढायचा तरी कुणावर? ज्यांच्यावर काढावा ते समोर बसून माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवत होते.

मी घरी सांगितलं तेव्हा अप्पा उठले आणि भिंत चाचपत मागच्या दारानं गेले. आई हात धरायला उठली, तिला बस म्हणाले. आम्ही दोघी आतच बसून राहिलो. ते परत आले तेव्हा मुठीत पानं होती. बोटांनी ओळखून खुडली होती. त्यात जास्वंदीचंही एक आलं होतं. ते मी हळूच बाजूला काढलं. उरलेल्यातलं एक तोंडात घातलं आणि चावायला लागले.

अप्पा कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "गोळी घेतलीस का?"

"घेतली," मी म्हटलं.

"सोडू नको हं, बाळ."

आई तोंडाला पदर लावून आत गेली. पान कडू जहर होतं. पण अप्पा समोर होते, मला ते थुंकता येईना.