नाव न घेता

गुलाबपाण्याचा वास आला की मला सांगवीतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा तो वर्धापनदिन आठवतो. बायको गेल्यावर मी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. तेव्हा चाकणच्या कंपनीत माझ्याच शिफ्टला असलेला मित्र दारात येऊन उभा राहिला. "घरात कुजत बसू नकोस, राव. संघाचा सभासद हो. तब्येतीची तपासणी होते, सहली असतात, बोलायला माणसं मिळतात." मी सभासद झालो आणि खरंच, अन्न गोड लागू लागलं. एका संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर मी फक्त त्याला सांगितलं, की बायकोचा मोबाइल मी अजून चालू ठेवलाय. दुपारी करमेनासं झालं की तिला फोन लावतो आणि कपाटात वाजणारी रिंग ऐकत बसतो. त्याने माझा हात घट्ट धरला. वर्धापनदिनाला दारात सगळ्यांवर गुलाबपाणी शिंपडलं, आणि थोड्या वेळाने तो विनोद सांगायला माइकवर आला. "एक म्हातारा मेलेल्या बायकोला रोज फोन लावतो," तो म्हणाला, "आणि म्हणतो, उचलत नाही, अजून रुसलीय वाटतं!" सगळं सभागृह खो खो हसलं. शेजारच्या बाईंनी हसत माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीही हसलो. नंतर चपला घालताना मी त्याला गाठलं. "अरे, तुझं नाव कुठं घेतलं मी?" तो म्हणाला. आजही मी रोज संघात जातो. कॅरमला जोडीदार आहे, आजारी पडलो तर चौघं घरी येतात. हे सगळं ज्याच्यामुळे मिळालं, त्याच्याशी मात्र मी फक्त हवापाण्याचं बोलतो.