हिरवा काठ

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आता बसलाय असंही म्हणवत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली. चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून माझ्यापुरतं लिहून ठेवतेय.

आम्ही देवासला राहतो, टेकडीच्या पायथ्याशी. माझा पुतण्या मकरंद घरीच लग्नांचे व्हिडिओ तयार करतो. माझी भाची अनघा, तिचं लग्न धारला झालं. तिची आई, म्हणजे माझी ताई, अनघा रांगत होती तेव्हाच गेली. अनघानं मकरंदला एवढंच सांगितलं होतं, "माझं लग्न आईच्या लग्नासारखं दिसू दे... जुन्या रोलवर काढल्यासारखं."

मकरंदनं ताईच्या लग्नाचा उरलेला एकच फोटो समोर ठेवला. तो इतका लालसर पडलाय, की साडीचा रंगही कळत नाही. त्यावरून त्यानं कॉम्प्युटरवर अनघाच्या व्हिडिओला तसे जुने रंग बसवले, फिल्मसारखे बारीक दाणे आणले आणि मला बघायला बोलावलं.

गौरीहर चालला होता. अनघा पिवळ्या अष्टपुत्रीत तांदूळ वाहत होती... आणि साडीचा काठ हिरवा.

ती साडी मी स्वतः तिला नेसवली होती. काठ लाल होता.

मकरंदनं चढवलेले रंग काढले — काठ लाल. परत चढवले — हिरवा. कुंकू मात्र लालच. "ये कैसे हो रहा है भिया," तो स्वतःशीच पुटपुटला. तेवढा काठ निवडून त्यानं लाल केला, व्हिडिओ पुन्हा तयार केला. पुन्हा हिरवाच.

 ताईच्या लग्नात मामानं घाईत हिरव्या काठाची अष्टपुत्री आणली होती. काठ लालच हवा म्हणून बायकांनी खूप नावं ठेवली, पण ताई तीच नेसली. सवाष्ण गेली, म्हणून शेवटीही तिला तीच नेसवली. साडी तिच्याबरोबरच गेली. हे मकरंदला कुणी सांगितलं नव्हतं.

तो म्हणाला, हे जुने रंगच काढून टाकतो, नाहीतर अनघाच्या सासरचे बोलतील. मी कधी कुणाला अडवत नाही. त्या दिवशी म्हटलं, "राहू दे. तिला बघू दे."

अनघा सासूबाईंना घेऊन आली. "गौरीहराला हिरवा काठ? तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. तुम्हा देवासकरांचं काही वेगळंच," सासूबाई म्हणाल्या.  अनघा माझ्यामागे स्वयंपाकघरात आली.

"मावशी, आईची अशी होती?"

मी नुसती मान डोलावली. ती बाहेर गेली आणि तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगत राहिली.

मकरंद म्हणतो, प्रोग्राममध्ये काहीतरी चूक असेल. असेलही. पण माझं कामात लक्ष लागत नाही, पोळी तव्यावर करपते. फोटोत तर हिरवा उरलाच नव्हता... मग कॉम्प्युटरला तो सापडला कुठून?