गळ्यापर्यंतचं दुकान

ओल्या लोकरीवर गरम इस्त्री फिरली, की तो वास मला गुलमंडीतल्या अब्बांच्या दुकानात नेऊन बसवतो.

पोलीस ॲक्शन होऊन गेली होती. निजामाचे अंमलदार गेले आणि शेरवान्यांचं गिऱ्हाईकही गेलं. गल्लीतले बाकीचे शिंपी मुकाट बुशकोट शिवायला लागले. अब्बांचा मात्र एकच हेका, "मी शेरवानीच शिवणार." अम्मी कपाळाला हात लावायची.

एक दिवस सिल्लोडकडचे एक पाटील पोराला घेऊन आले. "लगीन हाय. साहेब लोक घालायचे तसला लांब कोट पायजे. वर फेटा बांधू."

अब्बा म्हणाले, "शेरवानीवर टोपीच लागते. फेट्याखाली घालायला मी नाय शिवत."

कितीतरी महिन्यांनी आलेलं गिऱ्हाईक पायऱ्या उतरायला लागलं! पडद्याआड मी काजं करत होते. माझ्या शेजारी बसलेली अम्मी ताडकन उठली. "अजी, माप घ्या! आपलं दुकान गळ्यापर्यंतच. वर काय घालायचं ते त्यांचं ते बघतील."

अब्बांनी टेप असा आवळला, की नवरदेव दचकलाच. पण त्या लग्नसराईत सिल्लोडचे आणखी नवरदेव आले, आणि दुकान नवरदेवांचंच होऊन बसलं.

तेव्हा मला अब्बांचा नुसता वैताग यायचा. आज एक नवरदेव म्हणाला, शेरवानीखाली खेळायचे बूट घालणार. ऐकून माझंच डोकं फिरलं. आता दुकान चालवणारा माझा मुलगा तर फणकारला, "बुटांवर घालायला आम्ही नाय शिवत."

मी पडद्याआडून ओरडले, "माप घे रे! आपलं दुकान गुडघ्यापर्यंतच."