माझं कार्ड व्यायामाला जायचं

मागच्या वर्षी मी बसमधून पडले. बसचा काही दोष नव्हता. गाडी पुरती थांबायच्या आत उतरायची मला चाळीस वर्षांची सवय. गुडघ्याने ती सवय कधीच सोडली होती, मला फक्त कळवलं नव्हतं. अंधेरीच्या स्टॉपवर चारचौघांत मी रस्त्यावर बसले, पदर सारखा केला, उठले आणि घरी येऊन भात टाकला. दोन दिवस कोणाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गुडघा दुधी भोपळ्याएवढा झाला तेव्हा मुलाने विचारलं.

मग घरात कायदा झाला. बस बंद. मंगळवारी आणि शुक्रवारी घाटकोपरच्या एका केंद्रात गुडघ्याचे व्यायाम, आणि जायचं-यायचं मेट्रोने, कारण मेट्रोचं दार गाडी थांबल्याशिवाय उघडतच नाही.

"आणि आई," मुलगा म्हणाला, "परत काही लपवलंस ना, तर एकटीने बाहेर जाणं बंद. खाली दूध आणायला गेलीस तरी कोणीतरी बरोबर येईल."

तो बोलतो तसं करतो. त्या बाबतीत माझ्यावर गेलाय.

त्याने मला मेट्रोचं कार्ड आणून दिलं. आत शिरताना ते यंत्राला टेकवायचं, बाहेर पडताना परत टेकवायचं. कुठून कुठे आलात ते यंत्र बघतं आणि तेवढे पैसे कापतं. पण हे कार्ड त्याने स्वतःच्या मोबाईलला जोडलं होतं. मी अंधेरीला आत शिरले की तिकडे मालाडला त्याच्या ऑफिसात टिंग. घाटकोपरला बाहेर पडले की पुन्हा टिंग. गुराच्या गळ्यात घंटा बांधतात, तशी माझ्या पिशवीत बांधली.

दोन आठवडे मी इमानाने गेले. व्यायाम काय, तर भिंतीला पाठ लावून पाय उचला. तो मी घरीही उचलते. मेट्रो थंडगार, स्वच्छ, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. तिकिटावरून भांडण नाही, सुट्ट्यावरून भांडण नाही. यंत्राशी कोण भांडणार?

बस म्हणजे तसं नाही. मी चौथी शिकलेली बाई, पण बसचं भाडं मला कोणी शिकवायला नको. लग्नानंतर बटणं लावायच्या कारखान्यात होते, तेव्हा भाड्याचा टप्पा कुठल्या स्टॉपला तुटतो ते मला तोंडपाठ होतं. एक स्टॉप पुढे चालत जाऊन चढलं की टप्पा कमी आणि भाडं कमी. कंडक्टर म्हणायचा, "बाई, रोज इथूनच कशा उगवता?" मी म्हणायची, "माहेर आहे इथे."

मुलाला तर मी आठ वर्षांचा होईपर्यंत चार वर्षांचा म्हणून फुकट नेलं. घरून निघतानाच सांगायची, गुडघे वाकव आणि वय विचारलं तर चार बोटं दाखव. तो इतक्या भोळ्या चेहऱ्याने दाखवायचा की एका कंडक्टरने त्याला गोळी दिली होती. हल्ली तो मला खोटं बोलू नकोस म्हणून सांगतो.

तर मला बस हवी होती. कुठे जायचं नव्हतं. दिवसाचा पास काढायचा, खिडकीशी बसायचं, पवईवरून मुलुंड, मुलुंडवरून भांडुप, जमलं तर बोरिवली. कोण कोणाशी भांडतंय ते ऐकायचं आणि घरी यायचं. पास कोणाला सांगायला जात नाही. बसच्या तिकिटाला तोंड नसतं.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मालवणची बाई राहते, माझ्याच वयाची. तिची लेक घाटकोपरला. नातवाला शाळेतून आणायला ही दर मंगळवारी-शुक्रवारी मेट्रोने तिकडे जायची आणि तीनच्या सुमारास परत. मी तिला म्हटलं, "गो, तू जातेसच, तर माझं कार्ड घेऊन जा. तुझा खर्च वाचेल."

"आणि तू गो?"

"माझं कार्ड व्यायाम करील. मी बसने फिरते."

ती दोन पायऱ्या हसतच उतरली, मग भीती वाटून परत वर आली. "पकडला तर?"

"कार्डावर फोटो आहे का? नाव आहे का?"

नव्हतं. फुकटचा प्रवास मालवणी माणूस सोडत नाही. केंद्रात मी फोन करून सांगितलं की गावाला जातेय, महिनाभर येणार नाही. मग दर खेपेला मेट्रोच्या जिन्याखाली मी तिच्या हातात कार्ड द्यायची आणि स्टॉपवर जाऊन उभी राहायची. ती तीन वाजता परत आली की कार्ड माझ्या पिशवीत. मुलाने एकदा विचारलं, "इतका वेळ कसा लागतो गं?" मी म्हटलं, "व्यायाम झाला की देवळात बसते." देवाचं नाव घेतलं की कोणी वेळ विचारत नाही.

चार आठवडे झकास गेले. गुडघा बरा होत चालला होता, ते कशाने ते मला माहीत नाही. मुलगा सगळ्यांना सांगायचा, बघा, नियमित व्यायामाने किती फरक पडतो.

पाचव्या मंगळवारी घोटाळा झाला. मला तो संध्याकाळी कळला, पण तुम्हाला आत्ताच सांगते. मालवणीणीचं स्वतःचंही एक जुनं कार्ड होतं, त्याच बटव्यात. अंधेरीला ती माझ्या कार्डाने आत शिरली आणि घाटकोपरला बाहेर पडताना हाताला लागलं तिचं. दार उघडेना. लाल दिवा लागला. कर्मचारी आला, म्हणाला, "आजी, हे कार्ड तर आत आलेलंच नाही. तुम्ही कशा आलात?" आता माझं कार्ड काढून टेकवलं असतं तर काम संपलं असतं. पण हिला वाटलं, दुसऱ्याचं कार्ड दिसलं की सरळ तुरुंग. ती म्हणाली, "ह्याच माझा कार्ड, दुसरा नाय माझ्याकडे," काय ते जास्तीचे पैसे भरले आणि नातवाच्या शाळेकडे पळाली.

म्हणजे यंत्राच्या हिशेबी मी सकाळी दहाला अंधेरीला आत शिरले होते आणि बाहेर आलेच नव्हते.

मी तेव्हा मुलुंडहून निघालेल्या बसमध्ये होते. पुढच्या सीटवर एक बाई कंडक्टरला सांगत होती की मशीन चुकतं, कंडक्टर सांगत होता की मशीन चुकत नाही, बाई चुकतात. मोठं छान चाललं होतं. साडेबाराला पिशवीत फोन वाजला.

"आई, कुठे आहेस?"

"कुठे असणार? घाटकोपरला. व्यायाम करतेय."

"भांडुप स्टेशन!" कंडक्टर माझ्या कानाशी ओरडला. "चला, पुढे सरका!"

"ते कोण ओरडलं?"

"व्यायामवाली बाई."

"पुरुषाचा आवाज होता."

"ती तशीच आहे."

तो म्हणाला, "आई, मी आत्ताच केंद्रात फोन केला होता. त्या बाई म्हणाल्या, आजी महिनाभर गावाला गेल्यात. आणि मोबाईलवर दिसतंय की तू अडीच तास मेट्रोच्या आतच आहेस. काय चाललंय? बरी आहेस ना?"

त्याचा आवाज चिरकला होता. दुसरी कोणी असती तर तिथेच खरं सांगून मोकळी झाली असती. मला दूध आणायलाही कोणीतरी बरोबर, एवढंच डोळ्यांसमोर आलं.

"हो रे, आतच आहे," मी म्हटलं. "घाटकोपरला फलाटावर बसलेय. बाहेर ऊन आहे, इथे गार वाटतं. व्यायामाचा कंटाळा आला होता, तुला कसं सांगू म्हणून बोलले नाही."

"तिथेच बस. हलू नकोस. मी निघालो."

त्याला मालाडहून अंधेरीला येऊन मेट्रो पकडून घाटकोपरला यायचं होतं. मला भांडुपहून बसने घाटकोपर गाठायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की बसने वाटेत कुठे थांबू नये. ती सगळीकडे थांबली. कांजूरला एका आजोबांनी उतरताना कंडक्टरशी दोन रुपयांवरून वाद काढला, तेव्हा मीच ओरडले, "ओ काका, मी देते, उतरा आता!" सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. दोन रुपये दिले मी. विक्रोळीच्या सिग्नलला तर उतरून चालत जावं असं वाटलं, पण गुडघा म्हणाला, बस खाली.

घाटकोपरला उतरले ती बस पुरती थांबल्यावर, हे मुलाला अजून पटत नाही. जिना चढले, खिडकीवर रांग, अंधेरीचं कागदी तिकीट काढलं, ते यंत्राला दाखवून आत शिरले, फलाटावरच्या बाकावर टेकले आणि तोंडावर थंड, कंटाळलेला भाव आणला. घाम मात्र थांबेना. पाच मिनिटांत समोरची मेट्रो आली आणि त्यातून मुलगा उतरला. सेहेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, धावत आला.

"आई! बरी आहेस?"

"मला काय धाड भरलीय?"

"इतका घाम कसा? गार वाटतंय म्हणालीस ना?" त्याने माझी नाडी बघितली. ती त्याला कळत नाही, पण बघितली. "दे कार्ड. काय अडकलंय ते खिडकीवर विचारतो."

कार्ड कुठून देणार? मी पिशवीत हात घातला, शोधते असं दाखवलं, चष्म्याचं घर काढलं, रुमाल काढला. रुमालाबरोबर ते नवीन तिकीट खाली पडलं. त्याने उचललं आणि वाचलं.

बसच्या तिकिटाला तोंड नसतं म्हटलं ना मी? मेट्रोच्या तिकिटाला असतं. स्टेशन घाटकोपर, आजची तारीख, आणि वेळ छापलेली. सात मिनिटांपूर्वीची.

तो तिकिटाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "आई, सकाळपासून आत बसलेली बाई सात मिनिटांपूर्वी आत शिरते कशी?"

आता लपवण्यात मजा नव्हती. मी सगळं सांगितलं. मालवणीण, कार्ड, पास, मुलुंड, सगळं. त्याने तिकीट माझ्या हातात परत दिलं.

"चल," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता व्यायामाला. माझ्यासमोर."

त्याने माझ्या दंडाला धरून दारापर्यंत नेलं. तो बाहेर पडला. माझं तिकीट दाखवलं, तर लाल. अंधेरीचं तिकीट घेऊन घाटकोपरलाच बाहेर पडणारी बाई यंत्राला पटेना. कर्मचारी आला. "काय झालं? आत्ताच तर आत गेलात तुम्ही."

मी तोंड उघडणार, तोच मुलगा म्हणाला, "आईला आत गेल्यागेल्या चक्कर आली हो. मला फोन केला म्हणून धावत आलो. डॉक्टरकडेच नेतोय."

पापणी हलली नाही त्याची. तोच भोळा चेहरा, चार बोटं दाखवायचा तो. कर्मचाऱ्याने दार उघडलं, वर पाणी हवं का विचारलं. मी लगेच मुलाच्या खांद्यावर मान टाकली. शिकवलंय मीच, तर साथ द्यायला नको?

जिना उतरल्यावर मी म्हटलं, "छान बोललास."

"गप्प बस," तो म्हणाला. पण ओठ दाबून म्हणाला.

केंद्राला जेवणाच्या सुट्टीचं कुलूप होतं, चारला उघडणार. रिक्षावाल्यांना अंधेरी म्हटलं की ते दुसरीकडे बघायचे. तिसऱ्या रिक्षावाल्याने नकार दिला तेवढ्यात अंधेरीची बस स्टॉपला लागली. मी चढले. बस थांबलेलीच होती. तो काय एकटा रस्त्यावर उभा राहणार? आला मागोमाग आणि शेजारी बसला.

खिडकीबाहेर बघतच तो म्हणाला, "शुक्रवारी व्यायाम. कार्ड तू स्वतः टेकवायचंस."

"आणि मंगळवारी?"

"फोन उचलायचा. आणि गाडी थांबल्याशिवाय सीटवरून उठायचं नाही."

"आणि दूध?"

"आण जा एकटी."

एवढ्यात कंडक्टर आला. मी पास दाखवला. त्याने मुलाकडे बघितलं.

"याला तिकीट लागत नाही," मी म्हटलं. "चार वर्षांचा आहे."

कंडक्टरने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजी, मिशा आहेत त्याला."

"बापावर गेलाय."

"आई, लाज वाटते का काही?" मुलगा म्हणाला आणि खिशातून पाकीट काढायला लागला. "एक अंधेरी द्या हो." पण गुडघे त्याने वाकवून सीटखाली घेतले होते, ते मी बघितलं.