प्रबंधाचं तिसरं प्रकरण

सदाशिव पेठेतल्या बाइंडिंगच्या दुकानातून खळीचा वास आला, की मला माझी तोंडी परीक्षा आठवते. विषय होता, तरुण फिलिपिनो लेखकांच्या कादंबऱ्यांतल्या टीव्ही मालिका. परीक्षक प्रबंध न उघडताच म्हणाले, "अहो, मालिका आमच्या घरीही चालतात. त्यासाठी पीएचडी कशाला?" मी चिडले आणि सरळ एका कादंबरीची गोष्टच सांगायला लागले. दुबईत लोकांची मुलं सांभाळणारी नायिका फोनवर आपल्या देशातली मालिका बघते; त्या मालिकेत हरवलेली आई नेमकी लेकीच्या लग्नात चर्चच्या दारात उभी राहते. इथे मी मुद्दाम थांबले. परीक्षकांच्या चहावर साय धरली होती. "मग? लेकीनं ओळखलं का तिला?" त्यांनी विचारलं. "सर, तिसऱ्या प्रकरणात आहे," मी म्हटलं. त्यांनी निमूट प्रबंध उघडला. आता त्या खुर्चीत मी बसते. प्रबंध मात्र घरून वाचून जाते.